प्रेशर टिकत नव्हतं

कानडी मुलखात, यशवंतपूरच्या आमच्या गॅरेजात वर्षानुवर्षं कार्बोरेटरच्याच गाड्या यायच्या. नव्वदीचं दशक सरता सरता इंजेक्टरवाल्या गाड्या दिसायला लागल्या आणि मी ते काम शिकून घेतलं. शिकलो थोडं, मिरवलो फार.

ते ऐकूनच पुण्याहून कंप्यूटरच्या नोकरीसाठी आलेला एक तरुण गाडी घेऊन आला. त्याच्या बायकोला नववा लागला होता. "अण्णा, इथे आमचं कुणी नाही," तो म्हणाला. "हिला अवेळी हॉस्पिटलात न्यायचं झालं, तर गाडी पहिल्या चावीला सुरू झाली पाहिजे." त्याचे इंजेक्टर खराबच होते. चारही नवे घालू म्हटलं आणि छातीठोक हमी देऊन टाकली.

नवे इंजेक्टर आले ते नेमके खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. नवमीला आम्ही हत्याराला हात लावत नाही. पाने, जॅक, सगळं धुऊनपुसून देवापुढे मांडायचं आणि दसऱ्याला उचलायचं. इंजेक्टरही मांडले. देवापुढे झाकलेली वस्तू ठेवायची नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून मीच त्यांच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपणं काढली. खरं तर पूजेला आलेल्या पाहुण्यांना चकचकीत माल दिसावा, हाही हेतू होताच. गाडी कुणाची ते आईला ठाऊक होतं. "पोटुशी आहे बिचारी," म्हणत तिने प्रत्येक इंजेक्टरवर चिमूटभर कुंकू जास्तच वाहिलं.

दसऱ्याला ते वरवर पुसून बसवले. गाडी झकास सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तो परत हजर. रात्रभर उभी राहिली की गाडी नुसती घुरघुरते, किती वेळ चावी फिरवावी लागते, म्हणाला. मी धड ऐकूनच घेतलं नाही. "बंकातलं पेट्रोल भेसळीचं असणार, सर. बंक बदला." त्या भल्या माणसाने बंक बदलला. पुन्हा आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "डॉक्टर म्हणतात, आता कधीही," एवढंच बोलला आणि स्टुलावर बसून राहिला.

मग कुठे मी पेट्रोलच्या प्रेशरचं गेज लावलं. पंप चालू असेतो काटा जागेवर, बंद केला की सरसर खाली. परतीची नळी चिमट्याने दाबली, तरी खाली, म्हणजे रेग्युलेटर ठीक. पंपाकडून येणारी दाबली, तरी खाली, म्हणजे पंपही ठीक. उरले मी बसवलेले इंजेक्टर. माझे कान तापले. ते नळीसकट वर काढले, खाली पांढरं फडकं धरलं आणि नुसता पंप चालवला. एकाचं नाक टिपटिप गळत होतं. तो सोडवून उलटा आपटला, तर फडक्यावर ओला लाल डाग पडला. कुंकू होतं ते.

तेवढ्यात मागच्या घरातून आई कॉफी घेऊन आली. डाग बघून तिने कॉफी घाईने खाली ठेवली. "बोट कापलं का रे?"

"हो, स्वल्प खरचटलं," मी म्हणालो.

ती घरात गेली, हळद घेऊन आली आणि माझं धडधाकट बोट धरून त्यावर दाबून बसली. तरुणाने फडक्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या देवाकडे, मग आईकडे. त्याला सगळं कळलं. "जपून काम करा, अण्णा," एवढंच म्हणाला. त्याच्या पेट्रोलला नावं ठेवणारा मी, मला मान वर करवेना. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चारही इंजेक्टर उलट्या बाजूने धुऊन काढले, त्यांच्या जाळ्या बदलल्या. या वेळी काटा हलला नाही. त्याच आठवड्यात गाडी पहाटे पहिल्या चावीला सुरू झाली आणि मल्लेश्वरमच्या हॉस्पिटलात वेळेवर पोचली. मुलगी झाली. तो पेढे घेऊन आला, तेव्हा मी गाडीखाली शिरून काम असल्याचं सोंग केलं.

पुढच्या खंडेनवमीला नवा माल मी खोक्यातच ठेवला, झाकणं लावून. रीत मोडली म्हणून आई आता बोलेल, मग बोलेल, अशी वाट बघत राहिलो. तिने झाकणावर बाहेरूनच एवढंसं कुंकू टेकवलं आणि विचारलं, "येवढं सरी ना रे, चालेल ना?" मग माझा हात ओढून घेतला आणि ते बोट उलटसुलट करून पाहिलं.

"वणसुद्धा राहिला नाही बघ," ती म्हणाली.