झेलाची बाजू

वाद सुरू करायच्या आधी तो मांडीवर हळूच शड्डू ठोकायचा. तोही बसमध्ये, सीटवर बसल्या बसल्या, मांडीवरचा जेवणाचा डबा बाजूला सरकवून. "बोला, कोन येतंय?" असं म्हणायचा, आणि तळेगाव ढमढेऱ्याहून कंपनीकडे निघालेली आमची पेंगुळलेली बस जागी व्हायची.

वाद कशाचा, ते ऐकून हसाल. परदेशी सिनेमांची एक मालिका होती. अंतराळातली यानं, ग्रह, राजे, लढाया, सगळं हिंदीत डब केलेलं. त्यात ओरान नावाचा राजपुत्र आणि झेला नावाची, खाणीत राबणाऱ्यांची पोरगी. दोघं एकाच बाजूनं लढतात, पण ताकद कोणाची जास्त, यावरून बसमध्ये दोन पार्ट्या पडल्या होत्या. आपल्याकडं पार्टी कशावरून पडत नाही सांगा! सरपंचांचा पुतण्या ओरानच्या बाजूचा, म्हणून झाडून सगळी पोरं ओरानच्या बाजूची. झेलाच्या बाजूनं हा एकटा. मी वयानं थोरला, सगळ्यांचा मामा, म्हणून मला पंच केलेलं.

गावोगावच्या जत्रांतले आखाडे बघून हा वाढलेला. त्यामुळं अंतराळातल्या लढाईलाही याचे नियम लाल मातीतले. "ओरानने तिला ढकललं, मान्य. पन पाठ टेकली का? न्हाई ना? मग कुस्ती चालू हाय अजून." पुतण्या चिडायचा, बाकीचे ओरडायचे, आणि हा शांतपणे डब्यातली शेंगदाण्याची चटणी मागच्या सीटवरच्यांपुढं करायचा.

मागचा-पुढचा मेळ हा तर त्याचा खास प्रांत. तिसऱ्या भागात ओरानचा डावा हात तुटतो आणि चौथ्यात तो दोन्ही हातांनी तलवार फिरवतो. "हात आला कुठनं?" हा विचारायचा. "यंत्राचा बसवला असंल," पुतण्या म्हणायचा. "दावलं का तसं? न्हाई दावलं. मग बसवला न्हाई. मेळ चुकलाय, चुकला म्हना की!" घरी धाकट्या पोरीला तो लाडानं झेला म्हणायचा. बायको वैतागायची, "पोरगी हाय का चेंडू?" हे तोच आम्हाला सांगायचा आणि आधी स्वतःच हसायचा.

एकदा पुतण्याला उत्तर सुचेना. सगळी बस त्याला हसत होती. तेव्हा तो म्हणाला, "तुला तीच मोठी वाटनार रे. तुमच्यातलीच ना ती."

हा भीमनगरातला, हे बसमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. आजवर कोणी तोंडानं बोललं नव्हतं, एवढंच. माझं डोकं फिरलं. "तोंड सांभाळून बोल," म्हणालो. "मस्करी केली हो मामा, तुम्ही बी ना," पुतण्या म्हणाला. मस्करी! आमच्याकडं सगळी घाण या एका शब्दाखाली झाकून ठेवतात.

याचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाला, "ती खानीतली हाय. मी कंपनीच्या क्वालिटीत हाय. मेळ कुठं बसतो?" आणि हसला. त्याच्याबरोबर कोणी हसलं नाही.

पुढं नवा भाग येणार असं जाहीर झालं आणि पोरांनी चौकात फ्लेक्स लावायचं ठरवलं. वर ओरान, खाली सगळ्या चाहत्यांचे फोटो. फ्लेक्स तयार केला यानंच, मोबाइलवर. सुट्टीचा अख्खा दिवस घालवून एकेकाचं तोंड कापून, उजळून, ओळीनं बसवलं. पुतण्याच्या गळ्यात तर सोन्याची साखळीही चढवली. स्वतःचा फोटो अगदी खाली, कोपऱ्यात ठेवला. मला दाखवून म्हणाला, "मामा, आपन बी चौकात येनार बरं का आता." नवा शर्ट घालून मुद्दाम काढलेला फोटो होता तो. घरच्यांना रविवारी फ्लेक्स बघायला घेऊन येणार होता.

फ्लेक्स लागला त्या सकाळी आम्ही चौकातच बसची वाट बघत उभे होतो. यानं स्वतःचा फोटो ठेवलेल्या कोपऱ्यात पुतण्याच्या भावाचं दोन वर्षांचं पोरगं होतं, काळा गॉगल लावून. सिनेमातला 'स'सुद्धा त्या पोराला कळत नसेल! मी पुतण्याला तिथंच धरलं. "जागाच उरली न्हवती मामा," तो म्हणाला, माझ्याकडं न बघता. बाकीचे मोबाइलमध्ये डोकं घालून उभे. ज्यांची तोंडं यानं उजळली होती, तेच सगळे.

हा बराच वेळ वर बघत होता. मग मला म्हणाला, "ओरानला दोन हात ठिवलेत बगा. मी एकच ठिवला हुता." बस आली. तो पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

महिनाभरात त्यानं शिफ्ट बदलून घेतली, मग नोकरीच सोडली आणि सासुरवाडीला, दौंडला, कामाला गेला.

नवा भाग आम्ही जीप करून बघायला गेलो. मीही गेलो, खोटं कशाला बोलू. शेवटी ओरान उलटतो, दोघांची लढाई होते आणि झेला त्याला असा आपटते की पाठच काय, डोकंसुद्धा जमिनीला टेकतं. येताना जीपमध्ये पुतण्यानं ठराव केला, हा भाग मालिकेत धरायचाच नाही. सगळ्यांनी होय म्हटलं. मला जीपमधून उतरून चालत घरी जावंसं वाटलं.

पुढं कामानिमित्त दौंडला गेलो, तर स्टेशनबाहेर तो भेटला. बारीक झाला होता. पोरीला कडेवर घेऊन उभा. मला कोण आनंद! चहा सांगायच्या आधीच मी सगळी लढाई त्याला सांगितली. "गड्या, तू जिंकलास. साफ चीतपट. पडद्यावर दावलंय."

त्यानं ऐकून घेतलं. पोरीचं नाक पुसलं.

"मामा, त्यांना सांगा, ओरानच मोठा."

"अरे, पण दावलंय म्हणतो ना मी!"

"आसंल. तरी सांगा. माज्याकडनं सांगा." मग म्हणाला, "तुमची यष्टी लागली बगा, जावा."

तो निरोप मी अजून कोणाला दिलेला नाही. दिला तर त्यांना गोड वाटेल, आणि तेवढं गोड मी जिवंत असेपर्यंत त्यांच्या तोंडी पडू देणार नाही.