जावेच्या कपाटातली गोधडी

पूनम सागर सोसायटीतलं आमचं घर तळमजल्यावर आहे, पावसाळ्यात भिंती ओल धरतात. म्हणून दर मे महिन्यात आमच्या गोधड्या आणि शाली ऊन दाखवून सिल्व्हर पार्कला मोठ्या जावेकडे ठेवायला जायच्या. तिचं घर सहाव्या मजल्यावर, भिंतभर कपाटं. सासूबाई त्या कपाटांचं कौतुक करायच्या आणि मी मुकाट्याने पिशव्या बांधायचे.

गेल्या हिवाळ्यात सामान परत आणायला गेले, तर माझ्या आईने स्वतःच्या जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी पुतणी पांघरून बसली होती. आई आता नाही.

"एसीत तिला हीच लागते," जाऊ म्हणाली. "राहू दे ना इथेच. तुमच्याकडे कुठे एवढा गारवा असतो?"

कपाटं हिची, कौतुक हिचं, आणि आता माझ्या आईची ऊबही हिच्याच घरात.

"नाही वहिनी, मला हवी आहे," मी म्हटलं. पुतणीने घडी घालून दिली. रिक्षात मी ती मांडीवर घट्ट धरून बसले.

यंदा मी ती पाठवलीच नाही, पलंगाच्या पेटीत ठेवली. जुलैत पेटी उघडली तर गोधडीवर बुरशीचे काळे ठिपके. पुसून ती पंख्याखाली पसरत होते, तेवढ्यात जावेचा फोन आला.

"गोधडी बरी आहे ना गं? ओल फार आहे यंदा."

"एकदम कोरडी आहे," मी म्हटलं.