डोईफोडियातला फ

तृप्तीचा सकाळचा चहा टेबलावर तसाच पडून होता. बुऱ्हाणपूरच्या लालबाग रस्त्यावरच्या एका केळी कंपनीत ती कॉम्प्युटर सांभाळते, म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी तिलाच हाक आणि सर्व्हर बसला तरी तिलाच. सगळं सुरळीत असेल तेव्हा अशा माणसाला कोणी ओळखत नाही. आज मात्र मालक सुधाकरशेठ दोनदा तिच्या टेबलाशी येऊन गेले होते.

चांदनी, डोईफोडिया आणि तुकईथड इथं कंपनीची कोल्ड स्टोरेजं आहेत. प्रत्येक ठिकाणी एक छोटं मशीन असतं. तापमान किती, भोंगा कधी वाजला, बटण कोणी दाबलं, याच्या नोंदी ते ठेवतं आणि लगोलग बुऱ्हाणपूरच्या मोठ्या सर्व्हरला पाठवतं. मागच्या गुरुवारी दुपारी डोईफोडियाची खोली तापली आणि गाडीभर माल काळा पडला. तिथला ऑपरेटर कडू म्हणत होता, भोंगा वाजला, मी पळत गेलो, तो थांबवायचं बटण दाबलं, जनरेटर लावला. बुऱ्हाणपूरच्या सर्व्हरवर त्या दुपारची एकही ओळ नव्हती.

"देख तृप्ती," शेठ म्हणाले, "मशीन झूठ बोलत नाही. रेकॉर्ड कोरं, मतलब हा गडी जागेवर नव्हताच. नाहीतर मशीनच बंद करून झोपला असेल. दोन वाजेपर्यंत शोध. नाही सापडलं तर डोईफोडियाला मी दुसरा माणूस बघतो."

मशीन खोटं बोलत नाही, कबूल. पण मुकाही खोटं बोलत नाही, म्हणून तो सगळं सांगतो असं थोडंच आहे, हे शेठना कोण सांगणार!

कडूच्या आधीची दोन भावंडं दगावली, म्हणून तिसऱ्याला दृष्ट लागू नये यासाठी आईबापांनी हे नाव ठेवलं. चौदा वर्षांत त्याचा एक खाडा नाही. तृप्तीचा त्याच्यावर विश्वास होता, पण विश्वास शेठच्या टेबलावर ठेवता येत नाही.

तिचा पहिला संशय नेटवर्कवर गेला. या नोंदी पोस्टकार्डासारख्या जातात. टाकलं की टाकलं, पोचल्याची पावती नाही. वाटेत गहाळ होत असतील तर बघावं म्हणून तिनं कडूला फोन लावला.

"कडूभाऊ, भोंग्याचं बटण दहा वेळा दाबा. मोजून."

"दाबतो, ताई. पण मी खरं सांगू राह्यलो, त्या दिवशी भोंगा वाजेल व्हता."

"माहीत आहे हो," ती म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

सर्व्हरच्या दारात काय येतंय ते ती स्क्रीनवर पाहत बसली. दहाच्या दहा दाबण्यांच्या नोंदी धडाधड आल्या. मग तिनं आतली फाइल उघडली. शून्य. वाट धड होती. टपाल उंबऱ्यापर्यंत येत होतं आणि घरात हरवत होतं, आणि हे घर तिनंच लावलेलं.

तिनं आपले नियम उघडले. ऑफिसच्या प्रिंटरची बडबड फाइल भरून टाकायची, म्हणून वर्षापूर्वी तिनं लिहून ठेवलं होतं, की यादीत नाव नसेल त्याच्या नोंदी फेकून द्या. यादीत तीन गावांची तीन नावं, इंग्रजी अक्षरांत. डोईफोडियातला फ तिनं पी आणि एच असा लिहिला होता. महिन्यापूर्वी तिथलं मशीन जळालं, तेव्हा नवं बसवणाऱ्या कारागिराला नाव तिनंच फोनवर सांगितलं. तो म्हणाला, समझ गया, आणि त्यानं साधा एफ टाकला. मराठीत म्हणा, हिंदीत म्हणा, गाव एकच. सर्व्हरच्या लेखी मात्र हा कोणी परकाच होता, आणि महिनाभर तो परक्याला हाकलत होता.

एकच आशा उरली. डोईफोडियाचं मशीन स्वतःजवळही थोड्या नोंदी ठेवतं. थोड्याच, नवी आली की सगळ्यात जुनी पुसली जाते. आणि बटण एकदा दाबलं की पंधरा-वीस नोंदींचा घड पडतो. गुरुवारला आज आठ दिवस झाले होते.

तिनं घाईघाईनं फोन कानाला लावला. तो अजून चालूच होता.

"कडूभाऊ, थांबलात ना?"

"नाही ताई, अजून दाबू राह्यलो. म्हटलं, एखादी तरी पोचन."

"हात काढा! हात काढा आधी!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. बिचारा आपल्याच हातानं आपली साक्ष पुसत होता, आणि ते तिनंच करायला लावलं होतं.

तिनं उरलेल्या नोंदींची नक्कल इकडे ओढली. घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सगळ्यात वरची ओळ गुरुवारचीच होती, दोन बावन्नची: भोंगा थांबवला, ऑपरेटर ०४. त्याखाली दोन अठ्ठावन्न: जनरेटर चालू. त्याच्या आधीचं सगळं गेलं होतं. भोंगा कधी वाजला आणि कडू किती लवकर पोचला, हे आता कधीच कळणार नव्हतं. पण झिरो फोर म्हणजे कडू.

तिनं छापून दिलेला कागद शेठनी दोनदा वाचला. "मग आपल्या सर्व्हरवर का नाही आलं?"

नेटवर्क. एवढा एक शब्द पुरला असता. या ऑफिसात सगळी पापं नेटवर्कच्या माथी मारायची रीतच आहे, शेठनीही मान डोलावली असती. तृप्तीच्या ओठांवर तो शब्द आलाही होता.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "नावाचं स्पेलिंग जुळत नव्हतं, म्हणून माझाच सर्व्हर नोंदी फेकत होता. महिनाभर मी तपासलं नाही."

शेठनी कागद घडी घालून खिशात टाकला. तिला वाटलं, गेली नोकरी.

"कडूला तूच फोन लाव," ते म्हणाले. "आणि चूक कोणाची, तेही तूच सांग."

तिनं सांगितलं. फ पासून सगळं सांगितलं. ती शिव्या ऐकायची तयारी करून उभी होती.

"म्हणजे ताई, भोंगा खरंच मीच थांबवेल व्हता?"

"हो भाऊ. दोन बावन्नला."

"बरं झालं सांगितलं," कडू म्हणाला. "सगळे म्हणत व्हते, तर मले बी वाटाले लागलं व्हतं, का झोपलोच असन मी. बायकोले तर तसं कबूल करून बसलो."