केशरबाईचं पंधरावं मत

निवडणुकीची माणसं मत घ्यायला घरी येणार, ही बातमी देवरावनं जेवताना सांगितली आणि केशरबाईच्या हातातला घास ताटात परत गेला.

"घरी? काहून?"

"शहाऐंशी वर्षाची झाली तू, माय. पंच्याऐंशीच्या वरच्याले सवलत हाय. कागदावर खूण करायची, झालं. एप्रिलच्या उन्हात उभं राहाचं काम नाई."

"मी कुठं मांगतली सवलत?"

"मागच्या महिन्यात फॉर्मवर सही केली ना तू!"

सही केली होती, हे खरं. निराधार योजनेच्या कागदांसोबत मुलानं पुढे सरकवलेला एक कागद तिनं न वाचता सही करून परत दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा. ती ताटावरून उठली.

भातकुलीजवळच्या या गावात केशरबाईला अमरावती लोकसभेच्या निवडणुका आठवतात, पण खासदारांच्या नावांनी नाही. बासष्ट साली तिचं पहिलंच मत होतं. धुतलेलं लुगडं नेसून, पोर कडेवर घेऊन ती शाळेत गेली, तर टेबलावरचा माणूस म्हणाला, "तुमचं मत पडलं, बाई. घरी जा." पाटलाच्या बैलांच्या दमणीतून आलेल्या कुणा बाईनं तिच्या नावावर शिक्का मारला होता. केशरबाई घरी गेली नाही. पेट्या उचलून नेईपर्यंत शाळेच्या ओट्यावर बसून राहिली. त्याच वर्षी, आपला अंगठा पुन्हा कुणी वापरू नये म्हणून, पाटीवर गिरवत ती लिहा-वाचायला शिकली. सदुसष्टला शाळेचं कुलूप उघडायच्या आधी ती दारात उभी होती, आणि तेव्हापासून प्रत्येक लोकसभेला रांगेत पहिला नंबर तिचा. चौदा वेळा.

मत कुणाला दिलं, ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. ऐंशी साली नवऱ्यानं, संपतनं, "सांग, नाही तर जेवत नाही" म्हणून दोन दिवस ताटाला हात लावला नाही. तिनं ताट झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो मुकाट्यानं जेवला. या मतदारसंघातून बायाही निवडून दिल्लीला गेल्या. गावातल्या बाया मात्र तेव्हाही नवऱ्यानं सांगितलेल्या चित्रावरच शिक्का मारत होत्या. दोन हजार नऊला जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली आणि तिच्या वस्तीत कधी पाय न ठेवलेले पुढारी ओट्यावर चहाला येऊन बसले. "आता तुमचाच माणूस येणार, आजी!" "माणूस कोनाचाबी येवो, मत माह्यं हाय," म्हणून तिनं रिकाम्या कपबश्या उचलल्या.

आता ती मतदार यादीचं काम बघणाऱ्या मास्तरकडे गेली. "माह्यं नाव काट त्या सवलतीतून."

"आजी, तारीख गेली. शाळेत आल्या तरी यादीत तुमच्या नावापुढं खूण राहीन. मशीनवर नाई देता येनार. घरी द्या, नाई तर सोडा."

सोडायचं तर बासष्टसारखंच झालं. आणि घरी द्यायचं, तर त्या घरात चार माणसं, दोन खोल्या, एक कपाट. तिथं नवीन साडी लपत नाही, तर मत कुठून लपणार? देवराव यंदा एका पुढाऱ्याच्या मागे फिरत होता. "आमच्या घरचे चारही मतं पक्के," असं त्यानं सांगून ठेवलं होतं. त्याची बायको माया काही बोलली नव्हती. ती कधीच बोलत नसे. मुलगी दीक्षा म्हणाली होती, "बाबा, माह्यं तरी मोजू नका," आणि क्लासला निघून गेली होती.

ठरलेल्या दिवशी अकराच्या सुमाराला जीप आली. अधिकारी म्हणून नीलम मॅडम, अमरावतीच्या राजापेठेत राहणाऱ्या शिक्षिका. सोबत एक पोलीस आणि एक कॅमेरावाला. देवरावनं पोहे सांगितले होते, दोन मित्र बोलावून ओट्यावर बसवले होते. टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला.

"आजी, खूण करायला कोणाची मदत लागते का?"

"लागते ना, मॅडम," देवराव पुढे झाला. "डोयानं दिसत नाई तिले. मी करतो."

केशरबाईनं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं कॅलेंडर होतं. "चौदा तारीख. दीक्षानं बारीक पेन्सिलीनं लिवलं, दूधवाला सुट्टीवर. अजून वाचू? नऊ तारखेले सिलिंडर लावलं."

पोलीस हसला. मॅडमनं देवरावला बाहेर जायला सांगितलं. तो दारातच खुर्ची टाकून बसला, पाठ घराकडे करून, तोंड मात्र वळवून.

केशरबाई खुर्चीवर बसली नाही. तिनं आधी देवरावकडे पाहिलं, मग त्याच्या नजरेच्या रेषेत. समोर कपाटाचा आरसा होता. आरशात टेबल होतं, आणि आडोशामागची खूण करायची जागा.

"माया," ती म्हणाली, "आरशावर लुगडं टाक माह्यं."

माया जागची हलली नाही. नवरा तिच्याकडे बघत होता. मग ती दोरीजवळ गेली, सासूचं पांढरं लुगडं काढलं आणि आरशावर वरपासून खालपर्यंत सोडलं.

"माय, पोरावर भरोसा नाई तुहा?" देवराव ओरडला.

"जेवू घालाच्या बाबतीत हाय."

त्यानंतर तिनं सगळ्यांना ताटकळत ठेवलं. सहीचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, बोट फिरवत. "आजी, अजून सात घरं आहेत," मॅडम म्हणाल्या.

"मागच्या वेळी नाई वाचला, त्याचीच सजा भोगून राह्यली, बाई. थांबा."

खूण केली. पाकीट स्वतः चिकटवलं, पेटीत स्वतः टाकलं, आणि पेटी जीपमध्ये चढेपर्यंत उन्हात उभी राहिली.

सव्वीस तारखेला, मतदानाच्या दिवशी, शाळेचं दार उघडायच्या आधी केशरबाई रांगेत पहिली होती. पोलिंगवाल्यानं यादी बघून मान हलवली. "तुमचं झालं, आजी."

"मले मालूम हाय. हा नंबर हिचा," म्हणत तिनं मायाला पुढे ढकललं आणि स्वतः ओट्यावर बसली.

दुपारी देवराव जेवायला आला. "तिसरं बटन दाबलं ना?"

माया तव्यावरची भाकर उलटत होती. "मत देल्लं."

"कोनाले?"

"देल्लं म्हटलं ना."

त्यानं ताट सरकवलं आणि उठून ओट्यावर जाऊन बसला. मायाचा हात तव्यावरच थांबला. तिनं सासूकडे पाहिलं.

"झाकून ठेव," केशरबाई म्हणाली. "त्याच्या बापाले दोन दिवस लागले होते."