चाचीच्या कॅसेटवर माझा आवाज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — आता पोटात राहत नाही, म्हणून.

युद्धाचं साल. सौदीतल्या कतीफच्या बर्फाच्या कारखान्यात मी आणि माझा चुलतभाऊ सलीम, दोघं कामाला. कुवेतच्या जळत्या तेलविहिरींचा धूर आला की भर दुपारी अंधारायचं, पक्षी चिडीचूप व्हायचे. अशाच एका दुपारी कफीलच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या, पुतण्याने दिवे न लावता पिकअप भरधाव आणली. सलीम तिच्याखाली सापडला, जागीच गेला.

पुतण्याला दोन महिने कैद झाली. दोन महिने! सलीमची आई, माझी चाची, रत्नागिरीकडे. तिला लिहिता येत नव्हतं. आमच्याकडच्या आया कॅसेट भरून पाठवायच्या. तिची आली, सोबत माझ्या नावाचं मुखत्यारपत्र. "बाबा, ही शिक्षा थोडी हाय. वरच्या कोर्टात जा. माझा सलीम काय कोंबडी होता?"

अर्जाची मुदत महिन्याची. मी रोज उद्यावर ढकललं. माझा पासपोर्ट कफीलकडे होता. तो एकदाच म्हणाला, "खलास." धड धमकीही नव्हती ती. मी घाबरलो, एवढंच. मुदत गेली.

मग मी काय केलं? तिच्याच कॅसेटवर, तिचा आवाज पुसून, माझा भरला — अर्ज केला, शिक्षा पाच वर्षं झाली. लावून पाहिली तर माझ्या दोन वाक्यांच्या मधे, अगदी बारीक, तीच — "बाबा... बाबा..." तरीही पाठवली.

पुतण्या सुटला. त्याच पिकअपमधून मला कामावर सोडू लागला. मी बसायचो — होय, बसायचो. एका दुपारी धूर इतका दाटला होता की त्याने दिवे लावले होते. गावाहून आलेल्या माणसाने नुकतीच दिलेली कॅसेट माझ्या हातात होती. त्याने ती गंमत म्हणून गाडीच्या टेपमध्ये सरकवली.

"पाच वर्षं फार झाली रे बाबा. त्याचीपण आई रडत असंल. मी माफ केलं त्याला. सांग त्याला."

काचेबाहेर काळोख, आणि गाडीत चाची. त्याने विचारलं, काय म्हणतेय?

"सगळ्यांना सलाम सांगतेय," मी म्हणालो.

चाची जाऊन बरीच वर्षं झाली. तिची माफी मी त्याला कधीच सांगितली नाही.