दुसरी किल्ली

छायाचा फोन ऑफिसात आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी डबा तसाच मिटला. सुमनताई, माझी थोरली बहीण, सहा महिने दुखणं काढून गेली. दहाव्याला आलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, फार शांत बाई होती हो, कधी आवाज चढवला नाही. मला ते ऐकवेना. ताई शांत नव्हती. तिला मी चांगलं ओळखत होते, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ताईचं लग्न होऊन ती वणीहून सातपूरला आली तेव्हा कारखान्यांच्या मध्ये अजून मोकळी मैदानं होती. मधुकरभाऊजी एका कारखान्यात फिटर होते. देवळालीच्या लष्करी लिलावातली एक जुनी, जड मोटारसायकल त्यांनी घेतली होती आणि तिच्यावर त्यांचा फार जीव. सुट्टीच्या दिवशी ते ताईला मैदानावर नेत आणि गाडी चालवायला शिकवत. नऊवारी नेसणाऱ्या शेजारणी दारात उभ्या राहून हसायच्या. ताई पडली की भाऊजी धावत जाऊन आधी तिचा गुडघा बघत, मग गाडी. हेही खरंच होतं आणि पुढचंही खरं होतं.

दारू केव्हा वाढली ते ताईलाही सांगता आलं नसतं. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले तोवर मारहाण घरात मुरली होती. भाजी खारट झाली म्हणून, उंबऱ्यात उभी राहिली म्हणून, कधी काहीच नाही म्हणून. कमरेचा पट्टा निघायचा तेव्हा बकलाचा आवाज व्हायचा आणि तो आवाज ऐकला की लहानगी छाया पलंगाखाली जाऊन बसायची. एकदा मी मध्ये पडले तर भाऊजींनी माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ताईने दोनदा कळवलं. दादा वणीच्या शाळेत मास्तर, भिडस्त माणूस. त्यांचं उत्तर यायचं, थोडं सबुरीने घे.

एका रविवारी सकाळी मोटारसायकलची किल्ली सापडेना. आदल्या दिवशी भाऊजी झोकांड्या खात आले होते, ती वाटेत कुठे पडली असेल देव जाणे. पण त्यांनी ठरवलं, सुमननेच लपवली. डबे उपडे झाले, पीठ जमिनीवर सांडलं. ताई म्हणाली, "अहो, मी हात पण लावला नाही." त्यांनी तिचा डावा हात दाराच्या चौकटीत धरला आणि दार लोटलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ताई ओरडली नाही, खाली बसली आणि तिथेच तिला उलटी झाली.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. किल्ली बनवणारा भद्रकालीत बसायचा आणि कुलूप समोर असल्याशिवाय किल्ली होणार नव्हती. "तूच हरवलीस, तूच ढकलत ने," भाऊजी म्हणाले. सुजलेला हात पदरात बांधून ताई एका हाताने हँडल धरून चालली. मी मागून ढकलत होते आणि भाऊजी बाजूने सिगारेट ओढत चालले होते. भर उन्हाचा त्र्यंबक रस्ता, सायकलवाले वळून बघत होते. चढावर ताई एकदा गुडघ्यावर आली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीत लाथ घातली. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली.

किल्लीवाला म्हातारा मुसलमान होता, सगळे त्याला चाचा म्हणत. त्याने कोरी किल्ली कुलपात घालून फिरवली, तिच्यावर उमटलेल्या खुणांवर कानस मारली, पुन्हा घातली. हे काम बराच वेळ चालणार असं दिसल्यावर भाऊजी समोरच्या गल्लीत गुत्त्यावर गेले. चाचाने ताईच्या हाताकडे बघितलं.

"गिर गई क्या बेटी?"

"हां," ताई म्हणाली.

तो पुन्हा कानस मारू लागला. थोड्या वेळाने कुलूप फिरलं आणि त्याने विचारलं, "एक बनाऊँ या दो?"

ताईने गल्लीकडे एकदा बघितलं. "दोन," ती म्हणाली. भाऊजी परतले तेव्हा एक किल्ली गाडीला होती आणि दुसरी ताईच्या पोलक्यात.

हात प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टर निघाल्यावरही मूठ नीट मिटत नव्हती. ती रोज भिजलेली कणीक त्या हाताने दाबत बसायची. मला वाटायचं, स्वयंपाक जमावा म्हणून चाललंय...

मग एका दुपारी छायाच्या हातून पाण्याचा तांब्या सांडला, भाऊजींच्या बिछान्यावर. रात्रपाळी करून झोपलेले ते उठले आणि त्यांनी पोरीला उचलून फेकलं. तिच्या कपाळातून रक्ताची धार लागली. पाट्यावर चटणी वाटत होती ताई. ती उठली आणि हातातला वरवंटा तिने पूर्ण ताकदीने त्यांच्या गुडघ्यावर घातला. ते पडले, तेव्हा आणखी एकदा घातला. "पोरीला घे," ती मला म्हणाली, तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

साडी खोचून तिने पोलक्यातली किल्ली लावली आणि किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. छाया आमच्या दोघींच्या मध्ये, मी मागे. भाऊजी फरपटत बाहेर आले आणि त्यांनी मागचा कॅरिअर धरला. मी त्यांच्या बोटांवर चपलेची टाच मारत राहिले. काही अंतर ते रस्त्यावरून घासत आले, मग सुटले. दिंडोरीपर्यंत ताईने गाडी थांबवली नाही. त्या डाव्या हाताने क्लच दाबताना दर वेळी तिच्या तोंडून बारीक हुंकार निघायचा, तेवढाच.

वणीला दादांनी छायाचं कपाळ बघितलं, तरीही म्हणाले, "चार दिवस राहा, मग मी स्वतः पोचवतो." चार दिवसही झाले नाहीत तोच लंगडत भाऊजी आले. ताईने अंगणात येऊन किल्ली त्यांच्यापुढे धरली. "गाडी तुमची आहे, घेऊन जा. मी येणार नाही." त्यांनी किल्ली घेतली आणि दुसऱ्या हाताने तिची वेणी धरून तिला जमिनीवर आपटलं, दादांच्या देखत. दादांनी आयुष्यात कोणावर हात उगारला नव्हता. कोपऱ्यातली छत्री उचलून त्यांनी जावयाला मारायला सुरुवात केली, डोक्यावर, तोंडावर, छत्रीच्या काड्या मोडून बाहेर आल्या तरी ते मारतच राहिले. शेजाऱ्यांनी त्यांना आवरलं. भाऊजी गाडी घेऊन गेले. दादा ओट्यावर बसले. "मला वाटायचं, पोर वाढवून सांगते," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. ताईच त्यांना पाणी द्यायला गेली.

पुढे ताईने सातपुरातच नोकरी धरली, पॅकिंग खात्यात. त्याच रस्त्याने कामाला जायची. भाऊजी एकदा गेटवर आडवे आले, तेव्हा तिने हातातला डबा खाली ठेवला आणि सरळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली. ते निघून गेले. काही वर्षांनी आग्रा रोडवर ट्रकखाली गेले. बातमी आली तेव्हा ताई भाकरी भाजत होती. ऐकून तिने भाकरी उलटली. मग ती सगळी रात्र जागी होती, हेही मला माहीत आहे.

दुखण्यात तिच्याजवळ बसले असताना मी एकदा विचारलं, "ताई, त्या दिवशी तू दुसरी किल्ली करून घेतली नसतीस तर?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी इतकी वर्षं काही समजलेच नव्हते.

"तर काय," ती म्हणाली. "चालत गेले असते."