पबातलं गाऱ्हाणं

कोणतीही गोष्ट समोर आली की काका आधी नाक पुढे करायचे, एकदा हुंगायचे आणि निकाल द्यायचे : "वास येता."

हा निकाल फक्त आंब्याच्या पेटीपुरता नव्हता. मॅनेजरने पगारवाढीचं आश्वासन दिलं, वास येता. टीव्हीवर कोणी हात जोडले, वास येता. माझ्या नव्या बुटांनाही त्यांनी तोच निकाल दिला होता, आणि तो खरा होता. असा एखादा नाक मुरडणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याला टाळतो आणि त्याचं बरोबर निघालं की आणखी टाळतो.

ओमानमधल्या अल मवालेहच्या भाजीबाजारात काका आणि मी एकाच गाळ्यावर होतो. मी खरेदीला, ते शीतगृहात. आमच्या ओमानी अर्बाबाला, म्हणजे मालकाला, मालवणी कुठून कळणार? एकदा त्याने नवं अत्तर लावून हात काकांपुढे धरला. काका म्हणाले, "वास येता." अर्बाबाला वाटलं, ही शाबासकी. तेव्हापासून तो गिऱ्हाइकांना पेटी उघडून दाखवी आणि अभिमानाने सांगे, "वास येता! नंबर वन!" काकांनी त्याची चूक कधी सुधारली नाही.

वादी अदाईतल्या खोलीत त्यांच्यासोबत त्यांच्याच गावचा शंकर राहायचा. प्लंबर होता, हसरा. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि तो अंथरुणाला खिळला. त्याला आता एकच हवं होतं, स्वतःच्या घराची पडवी. त्याचं सगळं काकाच करायचे. मी कित्येकदा गेलो, मला त्या खोलीत श्वास धरावा लागे. काका मात्र तिथे बसून पेज भरवत. त्या अंथरुणापाशी त्यांचं नाक मुरडलेलं मी कधी पाहिलं नाही.

शंकरला आडवं नेण्यासाठी विमानातल्या कितीतरी जागा घ्याव्या लागणार होत्या आणि सोबत एक माणूस. त्यांच्या गावच्या इथल्या मंडळाने मनावर घेतलं. अध्यक्ष मोठे कंत्राटदार, रूवीच्या एका हॉटेलातल्या पबात त्यांची उठबस. पैसे जमवायला त्यांनी तिथेच 'आपलो गाव म्युझिक फेस्टिव्हल' ठरवला. परवानगीचं काय ते हॉटेल बघेल, म्हणाले. "आणि शंकरसोबत मी स्वतः जाणार," असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. काकांनी हवेत हुंगलं.

मग पोस्टर आलं. वर फेसाळता ग्लास, 'एकावर एक फ्री', आणि खाली नाकात ऑक्सिजनची नळी घातलेला शंकर.

कार्यक्रमाची सुरुवात गाऱ्हाण्याने होणार होती. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने केलेली मोठ्या आवाजातली मागणी. एक जण घालतो आणि बाकीचे दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. काकांच्या घराण्याकडे गावात तो मान. आणि गावात लहान पोरालाही ठाऊक असतं की गाऱ्हाण्यात दिलेला होकार मागे घेता येत नाही.

"काका, ही गाऱ्हाणं घालायची जागा आहे का? नाही म्हणा," मी गाडीत म्हणालो.

"शंकराक घराक जावचा हा. माझ्या नाकाक कोण इचारता?"

दारातच भपकारा आला. सांडलेली बियर, तळलेलं चिकन, कोणाकोणाचे सेंट. ज्या पडद्यावर एरवी मॅच दाखवतात तिथे भिंतभर शंकर, आणि त्याच्याखाली सेल्फी काढणारी माणसं. अध्यक्षांनी माइक घेऊन समजावलं, "काका एकेक लाइन बोलणार. आपण व्हय म्हाराजा बोलायचं आणि ग्लास वर! फुल फन आयटम आहे, यल्ला, चला!"

काकांनी चपला काढल्या. चिकट गालिच्यावर अनवाणी उभे राहिले. त्यांच्या पायाची बोटं आक्रसलेली मला दिसली.

"बा देवा रवळनाथा, ह्या परमुलखात तुझी लेकरां एकठय जमली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ग्लास खणखणले. कोणीतरी शिटी मारली.

"तुझो शंकर खाटेक लागलो हा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक हसत होते. हसत होते! मला उठून एकेकाचा ग्लास हिसकावावासा वाटला.

काका थांबले. माइकपाशी हुंगले. मग अध्यक्षांकडे बोट केलं.

"तर ह्यो आमचो अध्यक्ष शंकराचो हात धरून तेका घरच्या पडयेत नेऊन निजवतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज अध्यक्षांचा.

"आणि दिलेलो शब्द जो गिळीत, तेच्या घशाखाली घोट उतराक दिऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पबाने छत उडवलं. फक्त गावची चार म्हातारी माणसं गप्प झाली आणि अध्यक्षांचा ग्लास ओठांपाशी अडला. अर्धा मिनिट अडला असेल. मग त्यांनी तो रिकामा केला आणि बँड सुरू झाला.

तिकिटांचे पैसे त्याच जत्रेतून निघाले, हे नाकारून कसं चालेल? त्याचीच मला जास्त किळस येते. जायची वेळ आली तेव्हा अध्यक्षांची साइट अडली होती. "काका, ते सिरियसली घेतलंत काय? फन आयटम होता तो." त्या गाऱ्हाण्याचं रील मात्र त्यांनी टाकलं, हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांसकट.

काकांनी अर्बाबाला आपला व्हिसा रद्द करायला सांगितलं आणि शंकरसोबत स्वतः निघाले. पुन्हा आले नाहीत. शंकर पडवीत पोचला आणि तिथेच, पुढच्या महिन्यात, गेला. अर्बाब अजून पेटी उघडून "वास येता" म्हणतो. मला ते ऐकवत नाही.

विमानतळावर त्या सकाळी मंडळाचं कोणी फिरकलं नव्हतं. हमालाने स्ट्रेचर ढकलायला हात लावला तेवढ्यात काकांनी त्याला थांबवलं आणि तिथेच फरशीवर चपला काढल्या.

"बा देवा रवळनाथा," ते हळू म्हणाले, "तुझो शंकर घराक येता हा रे म्हाराजा."

होकार द्यायला मी एकटा. मी तोंड उघडलं.

नाकातली नळी हलली. डोळे मिटलेल्या शंकरनेच उत्तर दिलं, "व्हय म्हाराजा."